चौथा कळप

आमच्यात एक कायदा होता. इंटरव्ह्यू देऊन आलं की बूट काढायचे नाहीत. पाणी नाही, चहा नाही, "थांब गं, जरा टेकू दे" तर बिलकूल नाही. सरळ जिना चढून गच्चीवर यायचं आणि आत काय काय विचारलं ते पहिल्यापासून सांगायचं. बूट काढले की माणूस सैल पडतो आणि निम्मे प्रश्न विसरतो, असं गोकुळचं म्हणणं. तुझं काम झालं नसंल तरी तुला विचारलेला प्रश्न उद्या दुसऱ्याच्या कामी येईल, मग तो वाया काहून घालवायचा, हेही त्याचंच.

गच्ची मुकुंदवाडीतली. गोकुळ आणि अजिनाथ त्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मी आणि शीला दोन गल्ल्या सोडून मुलींच्या हॉस्टेलवर. चौघंही इंजिनिअर. हसू नका. डिग्री झाली, फोटो काढले, गावात पेढे वाटले आणि मग नुसते इंटरव्ह्यू सुरू झाले ते संपेचनात. गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही मनात आलं तर, म्हणून टाकी बहुतेक रिकामीच. पण तिच्यावर खडू छान उमटायचा. गोकुळ तिच्यावर आकृत्या काढून आम्हाला शिकवायचा. कॉलेजात चार वर्षं फी भरून जे कळलं नव्हतं ते मला त्या टाकीवर कळलं.

इंटरव्ह्यूंबद्दल मी बोलायला लागले की शीला म्हणते, अपेक्षा, बीपी वाढंल तुझं. वाढू दे. एका कंपनीनं एकामागून एक फेऱ्या घेतल्या आणि शेवटी "कळवतो" म्हणाले. अजून कळवायलेत. एका ठिकाणी नवखीच पोरं पाहिजेत म्हणून बोलावलं आणि पहिलाच प्रश्न, अनुभव किती? एका साहेबानं मला अख्खा प्रोग्राम कागदावर लिहायला लावला आणि स्वतः मोबाइलवर मॅच बघत बसला. लिहून झाल्यावर म्हणतो काय, लग्नाचं कुठं ठरलंय का? मेल्या, तुला माझं स्थळ बघायला बसवलंय का तिथं? हे सगळं मी बूट न काढता गच्चीवर सांगायचे आणि गोकुळ म्हणायचा, "शिव्या नंतर दे, आधी प्रश्न सांग."

गोकुळ आणि मी एकाच गावचे, सोयगाव तालुक्यातले. आमची शेती, त्यांची मेंढरं. त्याचे वडील कडूबामामा दर साली दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे ते पावसाच्या तोंडावर गावात परतायचे. सोबत मनकर्णामामी आणि घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. गोकुळ लहानपणी निम्मी शाळा बुडवून कळपामागं फिरला आणि तरी माझ्यापेक्षा जास्त मार्क घ्यायचा. तेव्हाही मला त्याचा राग यायचा.

त्या साली पावसानं दगा दिला. श्रावण कोरडा गेला आणि दसऱ्याच्या आधीच गावात टँकर सुरू झाला. त्यात मामांचा गुडघा कामातून गेला. कळपामागं चालणं त्यांना होईना. मग घरात बोलणं झालं. दिवाळीपर्यंत गोकुळला नोकरी लागली तर कळप चुलत्याला, सांडूकाकाला, देऊन टाकायचा आणि मामा-मामींनी शहरात यायचं. नाही लागली तर गोकुळनं काठी हातात घ्यायची. एकदा काठी घेतली की सुटका नाही. मेंढराला रविवार नसतो. वर्ष-दोन वर्षं तिकडं गेली की कॉम्प्युटरच्या कंपन्या दारातसुद्धा उभं करत नाहीत, मधली वर्षं कुठं होता म्हणून विचारतात. हे आम्हाला चौघांनाही माहीत होतं. सगळं जग दिवाळीची वाट बघत होतं आणि आम्हाला तिची धास्ती बसली होती.

अशात चिकलठाण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. चौघांनाही, एकाच दिवशी.

त्या आठवड्यात गोकुळनं आम्हाला पिदडून काढलं. एक प्रश्न हमखास येणार होता. दिवाळीच्या सेलला लाखभर माणसं एकदम वेबसाइटवर तुटून पडली, तर तुमचा सर्व्हर पडू नये म्हणून काय कराल? अजिनाथ आमच्यात कच्चा. मनानं सोनं, पण डोकं जरा उशिरा पेटायचं. त्याचे वडील वाळूजला कारखान्यात शिफ्टवर, पोराला इंजिनिअर केलं ह्याच आनंदात. गोकुळनं टाकीवर चौकोन काढले, बाण काढले, अजिनाथ नुसता मान हलवत होता. शेवटी गोकुळनं खडू ठेवून दिला.

"अज्या, चौकोन राहू दे. आमच्या गावात टँकर आला की माझे वडील, आबा, काय करतात सांगू का? हौद एकच आन् कळप एवढा मोठा. समदी मेंढरं एकदम सोडली तर काय व्हईल?"

"पळतील हौदाकडं."

"पळतील, एकमेकाच्या अंगावर चढतील, कोकरं पायाखाली जातील, निम्मं पाणी सांडंल. मिळायचं कुणालाच नाय. म्हणून आबा कळप लांब बसवतात आन् दहा-दहा सोडतात. बाकीची थांबतात, पण हरवत नाहीत. ती रांग म्हंजी क्यू. हौद म्हंजी तुझा सर्व्हर."

"आन् पहिली दहा कोणती?"

"कोकरं आन् त्यांच्या आया. ज्याला दम निघत नाय ते आधी."

अजिनाथ ताठ बसला. "आन् एखादं पिऊन आलं आन् परत रांगंत घुसलं मंग?"

गोकुळ खूश झाला. खरा प्रश्न विचारला की त्याचा चेहरा असा फुलायचा. "आबा पिलेल्या मेंढराच्या कपाळावर ओल्या गेरूचं बोट लावतात. पाठीवर नाय, कपाळावर. कारण गर्दीत घुसताना डोकं आधी येतं. तसाच प्रत्येक मागणीला एक नंबर द्यायचा. नंबर दिसला की समजायचं, हिचं काम झालंय, दुसऱ्यांदा करायचं नाय."

"आयला!" अजिनाथ ओरडला. "एवढंच व्हय?"

"एवढंच. हेच सांगा आत. बिनधास्त."

शीला हुशार, तिला लगेच खटकलं. "आम्ही हे सांगितलं तर तू काय सांगशील रे?"

"मला काय कमी हाय? माझ्याकडं अख्खा कळप हाय," गोकुळ म्हणाला आणि आम्ही पोट धरून हसलो. मग रोज टाकीसमोर उभं राहून आम्ही ते म्हणायचो. हौद, कोकरं, गेरू. शीलाचं शेंद्र्याचं रान कधीच कारखान्यांत गेलेलं, अजिनाथ वाळूजच्या चाळीत वाढलेला, आणि माझ्या घरी दोन म्हशी. तिघांनीही जन्मात कधी मेंढरू पाजलं नव्हतं.

आता आमचा दुसरा कायदा. आत जायची वेळ कंपनीनं आम्हालाच निवडायला सांगितली होती, आणि आमच्यात ज्याला सगळ्यात कमी येतं त्यानं सगळ्यात आधी जायचं असं ठरलेलं. सकाळी साहेबाचं डोकं थंड असतं, तो समजून घेतो. दुपारपर्यंत त्यानं इतक्यांचं ऐकलेलं असतं की समोरचा माणूस त्याला दिसतच नाही. ज्याला येतं त्यानं दुपारची झळ सोसायची. हेही गोकुळचंच. तेव्हा पहिला अजिनाथ, मग मी, मग शीला आणि जेवणानंतर गोकुळ.

गेटवर फोन काढून घेतले, पिशवीत घातले, पावती दिली. जायचं एका दारानं, बाहेर पडायचं दुसऱ्यानं. काचेच्या खोलीत माझ्यासमोर आणखी दोघांच्या मधे चष्मेवाले सर बसले होते, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी, आवाज मऊ. तोच प्रश्न आला. मी हौदापासून सुरू केलं, गेरूवर संपवलं. सरांनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं, पुढचं विचारलं. मला घाम फुटला होता, पण सगळं आलं. बाहेर चहाच्या टपरीवर अजिनाथ नुसता नाचत होता. मागून शीला आली. "मेंढरं म्हटल्याबरोबर सर हसलेच गं!" आम्हाला वाटलं, आवडलं त्यांना. तेवढ्यात पलीकडच्या दारानं गोकुळ आत गेलासुद्धा.

आम्ही टपरीवर थांबलो, थांबलो, गोकुळ काही आलाच नाही. शेवटी रिक्षा केली आणि मुकुंदवाडीला गेलो.

जिन्याच्या खाली, पहिल्याच पायरीवर, त्याचे बूट होते. काढलेले, शेजारी शेजारी नीट लावलेले.

वर गोकुळ अनवाणी उभा राहून कोरड्या फडक्यानं टाकीवरचा खडू पुसत होता.

"प्रश्न सांग," मी म्हणाले.

"तेच होते."

"मग?"

"नाय झालं. माझं अडकलं."

"तुझं अडकलं? तुझं? कुणाला येडं बनवायलास? काय विचारलं ते पहिल्यापासून सांग, कायदा तुझाच हाय!"

"अपेक्षा, सोड ना," एवढंच म्हणाला. अजिनाथ टाकीला टेकून रडायला लागला, तर गोकुळ उलटा त्यालाच समजावत बसला.

मेल तिघांना आले. आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. आईला फोन करताना मी ढसाढसा रडले. आणि संध्याकाळी गोकुळ आमच्यासाठी जिलेबी घेऊन आला. ती जिलेबी बघून मला इतका संताप आला की मी तोंडही लावलं नाही. ह्या माणसाला स्वतःसाठी चार शिव्या देता येत नाहीत का? एकदा तरी आदळआपट कर, त्या कंपनीच्या नावानं बोटं मोड! पण नाही. दिवाळीला तो गावी गेला आणि भाऊबीज झाल्यावर काठी घेऊन कळपामागं निघाला. निघताना माझ्या आईच्या पाया पडला म्हणे.

कंपनीत मला काम काय मिळालं असंल? एका पानावरचं बटण डावीकडून उजवीकडं न्यायचं. मग साहेबांना वाटलं, डावीकडंच बरं होतं. कसला सर्व्हर आणि कसला क्यू! पण पगार वेळेवर यायचा, आणि चष्मेवाले सर माणूस म्हणून वाईट नव्हते. माझी चूक झाली तर शांतपणे समजावून सांगायचे. म्हणूनच पुढचं मला आजवर गिळता आलेलं नाही.

उन्हाळा लागला होता. दुपारी कॅन्टीनमध्ये नव्या भरतीच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि सरांना आठवण झाली.

"तुमच्या बॅचची तर मजाच होती," सर मला म्हणाले. "सकाळी एक जण मेंढरं घेऊन आला. मला आवडलं, वेगळं होतं. मग तुम्ही आलात. मग तुमची ती शीला. आणि जेवण झाल्यावर आणखी एक. त्याचंही सुरू, सर, टँकर आला की हौदावर... म्हटलं, थांबा! आजचा हा माझा चौथा कळप!"

टेबलावरचे सगळे हसले.

"मी विचारलं, तुमच्या घरी कोण राखतं हो मेंढरं? तर मान खाली. म्हटलं, खरं सांगा, हे कुणी पाठ करून घेतलं? सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचललं असेल तर मला त्या तिघांचंही परत बघावं लागेल. तर म्हणतो, नाही सर, त्यांना खरंच येतं. मीच त्यांचं ऐकून पाठ केलं." सरांनी ताकाचा घोट घेतला. "प्रामाणिक होता बिचारा. पण घोकंपट्टीवाला घेऊन मी काय करू?"

हातातला घास मी ताटात टाकला. मग मी उभी राहिले. आवाज चढला होता, पण आता चढला तर चढला.

"सर, ती मेंढरं त्याचीच होती. त्याच्या बापाची. आम्हा तिघांना त्यानंच शिकवलं. पाठ आम्ही केलं होतं, सर! आमच्या घरी एक मेंढरू नाही. तुम्ही ज्याला चोर म्हणून बाहेर काढलंत तो त्या घराचा मालक होता!"

कुणी हसलं नाही. सर हळू आवाजात म्हणाले, "मग त्यानं तसं सांगायला हवं होतं." आणि ताक संपवून, "पुढच्या भरतीला अर्ज करायला सांगा त्याला. मी बघतो." उठले, हात धुतले आणि मीटिंगला गेले. मी काय करणार होते? मीही हात धुतले.

त्या रविवारीही अर्धा दिवस कामाला बोलावलं होतं, तिथूनच परस्पर शेंद्र्याला गेले. कुठंच चारा नव्हता, म्हणून गोकुळचा कळप त्या अंगाला आलाय असं शीलाच्या घरून कळलं होतं. कारखान्यांच्या पाठीमागं मैलभर प्लॉट पाडलेले. पांढरे दगड रोवलेले, डांबरी रस्ते, विजेचे खांब, आणि घर म्हणावं तर एकही नाही. तिथं एका पहारेकऱ्यानं बांधकामाचा हौद मेंढरांना वापरू दिला होता. गोकुळ हौदाशी उभा होता, डोक्याला पंचा, काळा ठिक्कर पडलेला, हाताचं एक बोट गेरूनं लाल. लांब बाभळीखाली, बिऱ्हाडाच्या घोड्यावर बसून सोबत आलेले कडूबामामा पाय पसरून बसले होते आणि बसल्या जागेवरून कळप आवरत होते. मामी तीन दगडांवर चहा ठेवत होत्या.

मी राम राम केला नाही, काही नाही. "कामून असं केलंस रे?" म्हणत त्याच्या अंगावरच गेले. सरांनी सांगितलं ते सगळं बोलून टाकलं. "आमच्यासाठी केलंस ना? मोठा आलाय धर्मराज! मला विचारलं होतंस का? आम्ही तिघांनी दुसरीकडं बघितलं असतं. तुझ्याकडं दुसरं काही नव्हतं गोकुळ, तुझ्याकडं दिवाळीपर्यंतचाच वेळ होता!"

त्यानं पिलेली मेंढरं बाजूला केली, पुढची दहा सोडली. मग बापाकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तुमच्यासाठी नाय केलं. तसं म्हणाया बरं वाटतं, पण तसं नाय. त्यांनी विचारलं, घरी कोण मेंढरं राखतं? 'माझा बाप' म्हणायचं होतं. दोनच शब्द. पण ते समदे हसत होते गं. त्या काचंच्या खोलीत, त्यांच्यासमोर, मला बापाचं नाव घ्यायची लाज वाटली. तोंडच उघडंना." एका मेंढराच्या कपाळाला त्यानं बोट लावलं. "आन् एकदा बापालाच नाय म्हटल्यावर मंग बाकीचं काय राह्यलं? तुमचं तरी वाचवावं म्हटलं. ते सोपं होतं."

एवढं भांडण घेऊन आले होते, सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक.

"सर म्हणाले, पुढच्या भरतीला अर्ज कर," मी कसंबसं म्हणाले.

"आन् आत जाऊन काय सांगू? पाचवा कळप आला म्हणतील," तो म्हणाला आणि हसला. मला त्याचं हसणं बघवेना.

तेवढ्यात मामांनी हाक मारली. "अपेक्षा हाय का गं ती? ये पोरी, चहा घे. हौदाशी काय उभी राह्यलीस?"

मी बाभळीखाली गेले, मामांच्या पाया पडले. मामींनी चहा दिला. मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही त्यांचीच लेक सायबीण होऊन आलीय.

"दिवाळीत अजिनाथचा फोन आल्ता," ते म्हणाले. "म्हणला, मामा, आम्ही समद्यांनी सायबाला तुमच्याच मेंढरांचं सांगितलं. हौदाचं, गेरूचं, समदं. मला लई भारी वाटलं बघ. म्या तर शाळंची पायरी नाय चढलो, आन् आमचं मेंढरं पाजणं तुमच्या कंपनीत गेलं." मग जरा थांबून, हौदाकडं बघत त्यांनी विचारलं, "आमच्या गोकुळनं बी सांगितलं आसंल की? आपल्या बापाचं हाय म्हणून?"

हौदाशी गोकुळची पाठ आमच्याकडं होती. त्याचा हात मेंढराच्या कपाळावर तसाच राहिला. मामांचा आवाज रानात हाका मारून कमावलेला, त्याला सगळं ऐकू जात होतं.

"व्हय मामा," मी म्हणाले. "त्यानं तर सगळ्यात आधी तेच सांगितलं. माझा बाप राखतो म्हणून."

मामांचा चेहरा असा उजळला की मला कपाकडं बघावं लागलं. "मंग? सायब काय म्हणला?"

तिकडून, मागं न वळता, गोकुळ म्हणाला, "बरोबर हाय म्हणला, आबा. उत्तर बरोबर हाय म्हणला."

"बरोबर हाय म्हणला?" मामांनी मान डोलावली. थोडा वेळ ते त्याच आनंदात होते. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी माझ्या गळ्यातल्या कंपनीच्या पट्टीकडं बघितलं, ती मी घाईत काढायची विसरले होते. मग पोराकडं बघितलं. "मंग घेतलं काहून नाय?"

मामींनी पदर तोंडाला लावला. हौदावर मेंढरांचा पाणी पिण्याचा आवाज येत होता, आणि लांब बसलेली बाकीची वाट बघत होती.

मामांनी जास्त वेळ वाट बघितली नाही. "सोड रं," ते पोराला म्हणाले, "पुढची दहा सोड. पाणी तापायलंय."